साडेतीन तारे, एक कोयंडा कमी : जुनं घर ‘उतरवून’ देणाऱ्यांबद्दल

आधी निकाल सांगते, मग रडगाणं. गुहागर तालुक्यातल्या आमच्या सासरच्या घराचा मागचा अर्धा भाग आणि शेजारचा गोठा यंदा फेब्रुवारी ते मे या काळात एका ठेकेदाराकडून उतरवून घेतला. कौलं, वासे, तुळया, दारं, खिडक्या, चिरे सुटे करायचे, मोजून रचून ठेवायचे आणि त्यातलं जमेल तेवढं त्याच घरात परत लावायचं, असं काम. पाचपैकी साडेतीन तारे. माणसं कसबी, वागायला सरळ, बोलावल्यावर परत येणारी. कागदाशी मात्र त्यांचं जन्माचं वैर. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यांची बाजू मांडायला ते इथे नाहीत.

मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात २७ वर्षं अंदाजपत्रकं केली. बाबींचे तक्ते, मोजमापं, दर, बिलं तपासणं. त्यामुळे ‘डिसमँटलिंग’ आणि ‘डिमॉलिशन’ हे दोन शब्द दिसले की अजूनही माझे कान टवकारतात. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, स्पेसिफिकेशनमध्ये या दोन्हींची व्याख्या वेगवेगळी दिली आहे : डिसमँटलिंग म्हणजे भाग न दुखावता, काळजीपूर्वक वेगळे करून काढणं, आणि डिमॉलिशन म्हणजे फोडून टाकणं. मराठीत आपण दोन्हीला ‘पाडणं’ म्हणतो आणि तिथेच निम्मं घर मातीत जातं. कोकणातल्या जुन्या लोकांकडे मात्र नेमका शब्द आहे. घर ‘उतरवलं’ म्हणतात. आंबे उतरवतात तसं.

पहिला जो ठेकेदार बघायला आला, तो अंगणात शिरल्यापासून वरच बघत होता. चहाला बसायच्या आत म्हणाला, “वैनी, तुम्ही कशाला पैसे खर्च करताय? मीच तुम्हाला देतो. आठ दिवसांत जागा मोकळी. माल माझा.” यजमानांचे डोळे चमकले. खर्च सोडाच, वर हातात पैसे! पुण्यात पेठांमधले वाडे असेच जातात. पाडणारा मालकाला रक्कम देतो, आणि खांब, तुळया, दरवाजे वखारीत जाऊन उभे राहतात.

मी टेप काढली. माजघरावरच्या सहा तुळया सागाच्या. प्रत्येक १४ फूट लांब, ६ इंच रुंद, ८ इंच उंच. लाकडाचा हिशोब घनफुटात : १४ गुणिले ६ गुणिले ८ भागिले १४४, म्हणजे एका तुळईचे ४.६७ घनफूट. सहांचे २८. चिपळूणला वखारीत फोन करून जुन्या, वाळलेल्या, सरळ सागाचा भाव विचारला. नुसत्या त्या सहा तुळयांचे त्या गृहस्थांनी देऊ केलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त होत होते. खांब, दारं, कौलं आणि चिरे अजून धरलेच नव्हते. चहा मात्र पाजला. माणूस लबाड नव्हता. त्याचा धंदाच तो, आणि बहुतेक घरमालक टेप काढत नाहीत.

दुसरे आले ते हे. ठेकेदार पस्तिशीचा, त्याच्याबरोबर साठी ओलांडलेला मुकादम आणि सहा माणसं. मुकादम आला आणि त्यानं आधी माजघरातल्या खांबाला हात लावला. मग बुंध्याशी बसून किल्लीच्या टोकानं लाकूड टोचून बघितलं. जोत्याजवळ वाळवी कुठून चढते हे त्याला सांगावं लागलं नाही. तिथेच ठरवलं, काम यांनाच.

मी चार पानांचा तक्ता केला. प्रत्येक वस्तूला क्रमांक, जागा, माप, अवस्था, कशी काढायची, कुठे ठेवायची, पुढे तिचं काय होणार आणि मालकी कोणाची. ठेकेदारानं तो हातात घेतला आणि लग्नपत्रिका चाळावी तसा चाळला. “मॅडम, हे सगळं कशाला? आम्ही करतोच की नीट.” म्हटलं, तरी सही करा. नमुन्यादाखल एक बाब इथे उतरवते :

“बाब ७. माजघर व मागची पडवी यांमधलं फणसाचं दार, दोन कवाडं, चौकटीसह अखंड सोडवणे. चौकटीवर पहारीचा जोर न देता बाजूचे चिरे आधी काढणे. उंबरठा वेगळा न करणे. सोडवण्यापूर्वी चौकटीला तिरक्या दोन फळ्या ठोकून काटकोन पक्का करणे. ओटीवर नेऊन आडवं, जमिनीपासून ९ इंच वर ठेवणे. मालकी : घरमालक. पुन्हा वापर : नवीन स्वयंपाकघराचं दार. नग १.”

या बाबीत एक चूक आहे. २७ वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं दाखवल्या आणि स्वतःच्या घरातली मला मे महिन्यात दिसली. तिच्याकडे येतेच.

छप्पर उतरवायचं काम बघण्यासारखं. पाडकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आहे, आयएस ४१३०. त्याचा एक गाभा म्हणजे बांधताना जे शेवटी आलं ते काढताना आधी. मुकादमानं ते मानक कधी पाहिलेलं नसणार, पण त्याची माणसं त्याच क्रमानं खाली येत होती : आधी आढ्यावरची कौलं, मग पाखं, म्हणजे छपराचा उतार, वरून खाली, मग रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या), वासे आणि शेवटी तुळया. कौल वरून टाकायचं नाही. दोघं वर, एक शिडीवर, दोघं खाली, हातोहात. खाली गोणपाट अंथरलेलं. आणि साखळीच्या टोकाला मुकादम स्वतः बसलेला. प्रत्येक कौल डाव्या हातावर तोलायचं, उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं टकटक करायचं, आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचं. “खणखणलं तं ठेवायचं. बदबदलं तं बाजूला.” एका कौलाला दोन सेकंद. ही तपासणी माझ्या तक्त्यात नव्हती, ते माझं भाग्य.

मागच्या पाख्यावरची कौलं १,२४०. काढताना फुटायची सूट आम्ही शेकडा १० ठरवली होती, म्हणजे १२४. फुटली १३१. त्या सात कौलांसाठी मी बिलातून काही कापलं नाही. मंगळुरी कौलांना दोन पिढ्यांचं शेवाळ चढलेलं असताना हा हिशोब उत्तमच म्हणायचा. उरलेल्या १,१०९ मधली मुकादमानं बाजूला काढलेली धरून आणखी १४६ मी नापास केली. शंका आलेली कौलं कोरडी वजन करायची, चोवीस तास पाण्यात बुडवायची, पुसून परत वजन करायची. कोरड्या वजनाच्या शेकडा २० हून जास्त पाणी प्यायलं तर ते कौल परसातल्या वाफ्याच्या कडेला. स्वयंपाकघरातला काटा आणि धुण्याचा पिंप, एवढीच प्रयोगशाळा. राहिली ९६३.

कौलांवरून एक गंमत. पाठीवरचा शिक्का ब्रशनं घासला तर बॅसल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेचा निघाला. या मिशनऱ्यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यांचे कारखाने त्यांच्या हातून जाऊन ‘कॉमनवेल्थ’ नावाखाली गेले. म्हणजे आमची कौलं त्याच्या आधीची. सासरे सांगायचे, कौलं दाभोळला गलबतातून उतरली आणि तिथून बैलगाडीनं आली. आम्ही ती म्हाताऱ्या माणसाची गोष्ट समजून सोडून द्यायचो.

आता पहिली तक्रार, कौलांचीच. ९६३ हाताशी आणि पाख्याला हवी १,२४०. खोट २७७ ची. गोठ्यावरची चांगली तीनशे-साडेतीनशे कौलं पडून होती. ठेकेदारानं मला न विचारता ती मधेमधे लावून टाकली. दिसायला सगळी एकसारखीच, लालच. पण गोठ्याची कौलं दुसऱ्या कारखान्याची. मंगळुरी कौल एकमेकांत अडकतं ते कडेच्या खाचेवर, आणि प्रत्येक कारखान्याची खाच केसभर वेगळी. एका जातीच्या कौलांत दुसऱ्या जातीचं कौल घुसवलं की ते बसल्यासारखं वाटतं, पण बसत नाही. दोन-तीन मिलिमीटर फट राहते. जूनच्या पहिल्याच मोठ्या सरीला नव्या स्वयंपाकघरात अकरा ठिकाणी भांडी मांडली. माझ्या तक्त्यात ‘शिक्क्याप्रमाणे कौलं वेगळी रचणे’ असं होतं. रचली वेगळीच होती. ‘वेगळी लावणे’ असं नव्हतं.

फोन केल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सगळे दारात. भर पावसात, ताडपत्री धरून, अर्धं पाखं परत काढलं आणि लावलं. एक पैसा जास्त मागितला नाही. अर्धा तारा त्याबद्दल परत दिला आहे, नाहीतर तीनच होते. गोठ्याची कौलं आता एकटीच, आपल्या जातभाईंसोबत, मागच्या छोट्या पडवीवर आहेत आणि तिथे थेंब गळत नाही. २७७ ची खोट शेजारच्या वाडीतून भरून निघाली. तिथे एकानं वानरांना कंटाळून कौलं उतरवून रंगीत पत्रे घातले होते, आणि त्याच्या ढिगात आमच्याच शिक्क्याची कौलं निघाली. कोकणात सध्या ज्याला जुनी कौलं हवीत त्यानं वानरांचे आभार मानावेत. गावोगावी ढीग पडलेत. फक्त जाताना आपलं एक कौल पिशवीत न्या आणि त्यात बसवून बघा.

दुसरी तक्रार खडूची, आणि ही मला जास्त लागली. मागच्या पाख्याला २६ वासे, किंजळाच्या लाकडाचे. हे कारखान्यातून आलेले नव्हेत. तासणीनं तासलेले, प्रत्येकाची जाडी वेगळी, आढ्याशी बसायची खाच वेगळी, भिंतीवरच्या पाटीवर, म्हणजे आडव्या लाकडावर, टेकायची खाच वेगळी. आठव्याच्या जागी अकरावा बसत नाही. म्हणून तक्त्यात स्पष्ट लिहिलं होतं : ‘प्रत्येक वाशावर दोन्ही टोकांना क्रमांक घालणे.’ घातले. पांढऱ्या खडूनं. एप्रिलअखेर संध्याकाळी वळीव आला, ताडपत्री वाऱ्यानं गेली शेजारच्या काजूत, आणि सकाळी अंगणात २६ स्वच्छ धुतलेले, निनावी वासे.

ठेकेदार म्हणाला, “लावून बघू, बसतील तसे.” मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या गावचे सुतारमामा, सत्तरीचे, तेवढ्यात बीडी विझवून उठले. त्यांनी सगळे वासे अंगणात एकाशेजारी एक आडवे मांडायला लावले आणि काजळी बघायला सुरुवात केली. जुनी चूल पाख्याच्या एका टोकाला होती. तिच्या डोक्यावरचे वासे डांबरासारखे काळे. तिथून लांब जावं तसा रंग उतरत जातो : काळा, गडद तपकिरी, तपकिरी, मग लाकडाचा मूळ. नुसत्या रंगावर त्यांनी २६ चे चार गट केले. मग एका गटातले वासे जवळ सरकवून रिपांच्या खिळ्यांची भोकं जुळवली. रीप सरळ असते, त्यामुळे शेजारशेजारच्या वाशांवरची भोकं आणि गंजाचे डाग एका रेघेत यावे लागतात. नाही आले तर वासा उचलायचा आणि दुसरा ठेवायचा. दुपारी दोनपर्यंत २४ लागले. उरलेल्या दोघांची अदलाबदल करून बघितली आणि तेही बसले.

मग क्रमांक कसे घालायचे, तर मामांनीच सांगितलं. थंड पेयाच्या डब्यांचे पत्रे कात्रीनं कापायचे, खिळ्यानं ठोकून आकडा उमटवायचा, आणि पट्टी वाशाच्या टोकाला, झाकल्या जाणाऱ्या बाजूला मारायची. अजून आहेत तिथे. पुढच्या दुरुस्तीला माझ्या नातवंडांना चुलीची काजळी वाचावी लागणार नाही. तशीही तिथे आता गॅस आहे.

तुम्ही असं काम देणार असाल तर ‘क्रमांक घालणे’ एवढं लिहून थांबू नका. कशानं, कुठे, आणि किती पावसाळे टिकेल असा, हेही लिहा.

चिऱ्यांचं काम त्यांनी झकास केलं, तिथे पैकीच्या पैकी. गोठ्याच्या तीन भिंती जांभ्याच्या, मातीत रचलेल्या. पहारीची नुसती धार सांध्यात घातली की चिरा दाढेसारखा हलतो आणि हातात येतो. ४१० चिरे निघाले, ३८० वापरण्याजोगे. जांभा उघड्यावर राहून टणक होत जातो, त्यामुळे हे चिरे खाणीतून आलेल्या ताज्या चिऱ्यापेक्षा कडक आहेत. गवंड्याची टाकी, म्हणजे छिन्नी, त्यांच्यावर ठणठणत होती. पण चौथी भिंत नव्वदच्या दशकात दिरांनी सिमेंटमध्ये बांधलेली. तिथे दहातले चार धड आले, बाकीच्यांचे तुकडे. कारण साधं आहे. सिमेंटचा सांधा चिऱ्याहून घट्ट. ओढलं की सांधा सुटत नाही, दगडच तुटतो. माती आणि चुना दगडापेक्षा हलके, ते आधी सोडतात. जुन्या वाड्यांच्या चुन्यातल्या विटा घासून परत वापरता येतात आणि आपल्या सोसायटीच्या भिंतीतली एक वीट अखंड निघत नाही, ती याचमुळे. म्हणून न्हाणीघराची नवी भिंत मी निव्वळ सिमेंटात बांधू दिली नाही. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. गवंडी दोन दिवस फुगून बसला होता. “चुना पानाला लावायचा, वैनी.”

लाकडाबद्दल एक खबरदारी, जी या लोकांनी घेतली नाही. खिळे. उतरवलेल्या लाकडातले खिळे काढून देणे हे तक्त्यात होतं, आणि दिसणारे त्यांनी काढलेही, पण डोकं तुटून आत राहिलेले कोण बघणार? एका तुळईचा भिंतीकडचा दीड फूट वाळवीनं खाल्लेला होता, तो कापून उरलेल्याच्या फळ्या पाडायच्या होत्या. जवळच्या शृंगारतळी गावच्या करवत गिरणीनं जुनं लाकूड म्हटल्यावर हात वर केले. एक खिळा लागला की करवतीच्या पट्ट्याचे दात जातात. शेवटी मुलानं जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून तुळईवरून इंच इंच फिरवलं, तेव्हा आणखी १७ खिळे सापडले. मग गिरणीवाल्यानं, त्याच्यासमोर परत एकदा चुंबक फिरवून घेऊन, फळ्या पाडून दिल्या. त्या फळ्यांच्या आता स्वयंपाकघरातल्या मांडण्या आहेत. खिळ्यांची भोकं बुजवू दिली नाहीत. यजमानांना ती आवडत नाहीत. मला आवडतात.

दारांच्या रंगाबाबत मी त्यांना अडवलं ते बरं केलं. फणसाच्या दारावर हिरव्या ऑइलपेंटचे चार-पाच थर. माणसानं थेट ब्लो लॅम्प पेटवला. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आली ती २०१६ च्या नियमांनी, लागू झाली २०१७ च्या अखेरीस. त्याआधीच्या ऑइलपेंटात, विशेषतः हिरव्या-पिवळ्यात, किती शिसं असेल याची खात्री कोण देणार? जाळलं तर धूर छातीत, कोरडं घासलं तर धूळ पोरांच्या हाताला. पाणी मारत ओल्यानं खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि खरवड चुलीत घालायची नाही. वेळ तिप्पट लागला. ठेकेदारानं तोंड वाकडं केलं, पण मजुरी वेगळी लावून घेतली आणि केलं.

मागच्या पडवीवरचे सिमेंटचे पत्रे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे, यांच्याबाबत मात्र मी नाराज आहे. ते न फोडता, बोल्ट सोडवून, ओले करून उतरवायचे असं लिहिलं होतं. पहिले दोन हातोड्यानं फोडले. ओरडल्यावर बाकीचे नीट काढले, पण तोंडाला फडकंसुद्धा नाही. दिलेले मास्क खिशात. हे पत्रे पुन्हा वापरायच्या यादीत मी मुळातच धरले नव्हते. जुनी वायर, काळी बटणं आणि स्लॅबमधल्या सळ्याही नाहीत. वाकलेली सळई ठोकून सरळ करून परत बीममध्ये घालायची ही आपल्याकडची काटकसर मला कधीच पटली नाही. असल्या गोष्टींचा निरोप घ्यावा.

शहरातल्या वाचकांसाठी एक. पाडकामाच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टनांपेक्षा किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यानं काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असं वेगवेगळं करावं, असं होतं. आमच्यासारख्या घराला हे आकडे लागू होत नाहीत, आणि गावात विचारणारंही कोणी नाही. तरी मी चार ढीग घालायला लावले, कारण मिसळलेल्या ढिगातून कोणी काही उचलत नाही आणि वेगळ्या ढिगातून लोक रात्रीतून उचलून नेतात. विटांचा ढीग तीन दिवसांत संपला. कोणी नेला ते माहीत आहे, विचारलं नाही.

आता बाब ७.

दार त्यांनी सुंदर सोडवलं. बाजूचे चिरे काढले, तिरक्या फळ्या ठोकल्या, चौघांनी खांद्यावर घेऊन ओटीवर आडवं ठेवलं. चौकटीचे कुसू, म्हणजे सांध्यात घुसणारी टोकं, अजून जागच्या जागी, काटकोन जसाच्या तसा. मी फोटो काढला, ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींना पाठवला. मे महिन्यात दार नव्या जागी उभं राहिलं, सुतारमामांनी कवाडं बिजागऱ्यांवर चढवली, झुलवून बघितली आणि म्हणाले, “कडी खंय?”

कडी-कोयंडा नव्हता. दार वाहून नेताना कडी लटकते, लागते, म्हणून कोणीतरी ती शहाणपणानं आधीच काढून ठेवली होती. ठेवली ती सिमेंटच्या रिकाम्या गोणीत, वाकड्या खिळ्यांबरोबर. गोणी भंगारवाल्याला गेली. नऊ किलो. पैसे पोरांनी वडापावला वापरले, आणि त्यात काही चोरी नव्हती, कारण तक्त्यात भंगार लोखंड ठेकेदाराचं असं मीच लिहिलं होतं.

आणि बाब ७ मध्ये मी लिहिलं होतं ‘दार, चौकटीसह’. सरकारी दरसूचीत दार काढण्याच्या बाबीत चौकट, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) वगैरे सांगून पुढे ‘इत्यादी पूर्ण’ म्हटलेलं असतं. ते दोन शब्द मी आयुष्यभर हजारदा टाइप केले. लोकांच्या दारांसाठी. एकदा एका ज्युनिअरनं ते वगळले म्हणून त्याला सगळ्यांदेखत बोललेही होते.

ती कडी हाताएवढी लांब, पिळाची, टोकाला पानाचा आकार. जिथे अंगठा पडायचा तिथे घासून चकचकीत झालेली. सासूबाई आतल्या खोलीत पडल्यापडल्या नुसत्या तिच्या आवाजावरून सांगायच्या कोण आलं ते. यजमान ती आपटायचे, दीर हळूच सोडायचे. मी शृंगारतळीला भंगारवाल्याकडे गेले. त्याचा माल चिपळूणला रवाना झाला होता. पण त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात तसल्याच कड्यांचा ढीग, पंचवीस-तीस तरी असतील. एवढी घरं. तासभर बसून आमच्यासारखी दिसणारी एक निवडली. त्यानं किलोवर दिली.

ठेकेदाराला सांगितलं तेव्हा तो खरंच ओशाळला. “मॅडम, तुम्ही लिहिलं असतंत तर ठेवली असती की.” यावर मला उत्तर नव्हतं.

खर्चाचं विचाराल तर सरसकट पाडण्याच्या दराच्या अडीचपट मजुरी गेली आणि दिवसही तितकेच जास्त. त्याबदल्यात नवं लाकूड जवळजवळ घ्यावं लागलं नाही, चिरे आणावे लागले नाहीत, आणि कौलांचा खर्च फक्त २७७ चा. आमच्या हिशोबात थोडी बचतच झाली. पण मी रोज तिथे खुर्ची टाकून बसले होते, आणि माझी मजुरी त्यात धरलेली नाही. ज्यांना मुंबईत बसून फोनवर घर उतरवून घ्यायचं आहे त्यांना हे लोक सुचवणार नाही. हे काम वाईट करत नाहीत, विचारत नाहीत, इतकंच. ज्यांना चार महिने गावात काढता येतात, त्यांनी डोळे मिटून द्यावं आणि तक्ता डोळे उघडे ठेवून करावा. मुकादम असेपर्यंत द्यावं, हेही सांगते. त्याच्यानंतर कौल वाजवून बघणारं त्या टोळीत मला कोणी दिसलं नाही. त्यांचे मार्च-एप्रिल दिवाळीतच भरतात, तेव्हा तारीख आधी घ्या. नाव-नंबर हवा असेल तर मला वेगळा निरोप करा.

नवी कडी मामांनी बसवली. जुन्या कोयंड्याची भोकं आणि हिची भोकं यांत अर्ध्या इंचाचा फरक होता, म्हणून चौकटीत फणसाचा छोटा तुकडा बसवून त्यावर कोयंडा मारला. नीट निरखलं तरच कळतं. फक्त दार लावताना डावं कवाड किंचित वर उचलावं लागतं.